चोवीस खुर्च्यांचं भाडं

थोयाने गाडीच्या बॉनेटवर कागद पसरला, खिशातलं पेन काढलं, आणि उजव्या हाताने आकडे मांडता मांडता त्याच्या डाव्या हाताची बोटं पत्र्यावर वाजू लागली. टक, टक-टक. टक, टक-टक. मुद्दल, गुणिले दर. गुणिले मुदत, भागिले शंभर. ओठ मिटलेले होते, पण बोटं बोलत होती, आणि त्यांना आपण बोलतोय हे ठाऊकही नव्हतं. सकाळी अकराच्या उन्हात, उभ्याउभ्या, अंधारात जिन्याची शेवटची पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावीच, तसं मला झालं. तो ताल माझा होता. सातवीची मुलं परीक्षेत सूत्र विसरतात म्हणून फार वर्षांपूर्वी मीच तो बाकावर वाजवून बसवला होता. पंचेचाळीस मुलं, नव्वद हात. पहिल्या दिवशी मुख्याध्यापक दंगल झाली समजून छडी घेऊन धावत आले होते. नंतर तेही दारात उभे राहून बोटांनी चौकट वाजवायला लागले. चौतीस वर्षांत किती हातांत मी तो ताल घातला असेल, मोजलेलं नाही. पण तो हातांत राहतो, मोठा होतो, पेन धरतो, आणि एक दिवस मोम्बासाच्या भर उन्हात मलाच गाडी विकायला उभा राहतो, हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

"हे बघा बाई, किती सोपं आहे," थोया म्हणाला. "चार लाख ऐंशी हजार राहिले. दर महिन्याला दीड टक्का. महिने चोवीस. व्याज एक लाख बहात्तर हजार आठशे. मुद्दलात मिळवा, चोविसाने भागा. महिना सत्तावीस हजार दोनशे. संपलं! जामीन नको, पगाराची पावती नको. सही करा आणि चावी घ्या."

गणित बरोबर होतं. मी मनात दोनदा करून पाहिलं. हातचा कुठे सुटला नव्हता, शून्य कुठे सांडलं नव्हतं. वहीत असतं तर लाल पेनाने बरोबरची खूण करून मी पुढच्या मुलाकडे गेले असते. तरी ती नसलेली पायरी काही सापडेना.

मी महिन्याला पंचवीस हजारांपर्यंत जाऊ शकत होते, त्याच्या पुढे एक शिलिंगसुद्धा नाही. ही रेषा मी घरीच, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, नवऱ्याच्या साक्षीने ठरवून आले होते. निवृत्तीला चोवीस पगार उरले होते. गाडी त्या चोवीस पगारांत फिटली तर फिटली. नंतर निवृत्तिवेतनातून गाडी फेडायची म्हणजे जेवण सोडून पेट्रोल प्यायचं. आणि गाडी तर हवी होती, अगदी आजच हवी होती. अठ्ठावन्नाव्या वर्षी, चौथ्या प्रयत्नात, परवाना मिळवला होता मी. तिसऱ्या वेळी परीक्षकाने गाडीतून उतरताना छातीवर हात ठेवला होता. निवृत्त झाले की आतल्या गावांतल्या शाळांत जायचं, जिथे साठ-साठ मुलांना एक शिक्षक असतो. आठवड्याला दोन शाळा. सोबत मणी, बाटल्यांची बुचं, तराजू, दोरी. झाडाखाली बसायचं आणि ज्यांना भागाकार आवडत नाही त्यांना तो आवडेपर्यंत उठायचं नाही. या गुडघ्यांनी खासगी व्हॅनच्या पायऱ्या चढून, मांडीवर खोकी घेऊन ते होणार नव्हतं. गाडी नाही तर ते नाही. इतकं ते सरळ होतं.

पतपेढीतून कर्ज काढता आलं असतं. शिक्षकांची पतपेढी, निम्म्या व्याजाची, माझं नाव तिथे एकतीस वर्षं आहे. पण पतपेढीला जामीन लागतात. चार सहकाऱ्यांनी आपली शिल्लक तुमच्या नावावर बांधून ठेवायची, तुम्ही पळालात तर त्यांनी भरायचं. मी बारा जणांना जामीन राहिले. त्यातले संगीताचे सर एका डिसेंबरात सुट्टीला म्हणून गेले ते थेट आखातात निघाले, आणि चौदा महिने त्यांच्या फ्रिजचे आणि सोफ्याचे हप्ते माझ्या पगारातून कापले गेले. कधीकधी रात्री मला तो सोफा दिसायचा. हिरवा असेल असं वाटायचं. राग पैशाचा नव्हता. स्टाफरूममध्ये सगळे माझ्याकडे ज्या दयेने बघायचे, चहात माझ्यासाठी न विचारता जास्त साखर घालायचे, ती दया मला सोसवली नाही. तेव्हाच ठरवलं की माझ्यासाठी कोणाला कागदावर नाव लिहायला सांगायचं नाही. कधीच नाही. म्हणून पतपेढी सोडून मी इथे, गाड्यांच्या या आवारात आले होते, जिथे जामीन नको, नुसती सही.

आणि येताच फाटकात हा भेटला. उंच, पांढरा शर्ट, कानाला फोन. मला बघून फोन खाली गेला, मान खाली गेली. "शिकामू, बाई." पाय धरतो म्हणण्याची आमच्या किनाऱ्यावरची रीत, आणि त्याला "मराहाबा" म्हटलं की झालं, तुम्ही मोठे झालात. मग आवाज चढवायचा नाही, डोळे वटारायचे नाहीत, लबाड हा शब्द तर जिभेवरही आणायचा नाही. धाकट्याने वाकायचं आणि मोठ्याने सांभाळून घ्यायचं. माणसाला घासाघीस करायची असेल तर त्याने शिकामू ऐकू आला नाही असं दाखवून सरळ गाडीच्या टायरला लाथ मारावी. पण माझ्या तोंडून मराहाबा गेला होता. इतक्या वर्षांची सवय, झोपेतही जाईल. "ओळखलं नाहीत ना? थोया. खिडकीजवळचा. मधल्या सुट्टीत तुमच्या पिशवीतलं उकडलेलं रताळं खाल्लं होतं." ओळखलं की! रताळ्यावरून लगेच ओळखलं. त्याने आत बसवलं, कडू कॉफीचे इवलेसे पेले मागवले, शेंगदाण्याची वडी पुढे केली. दोन घोट झाले आणि मला कळलं की मी अर्धी लढाई वडीबरोबर चावून गिळली आहे.

उरलेली अर्धी रिघाने घालवली. रिघा माझा नवरा. बंदरात तीस वर्षं काढली त्याने, हजारो गाड्या जहाजाच्या पोटातून बाहेर येताना पाहिल्या, त्यातली एकही आमची नव्हती. त्याला मी घरून बजावून आणलं होतं, अहो, तुम्ही फक्त इंजिन बघायचं, तोंड उघडायचं नाही. थोयाने ती छोटी पांढरी स्टेशन वॅगन दाखवली. जपानातून चार दिवसांपूर्वी उतरलेली, अजून नंबरप्लेटही नसलेली, म्हणजे इथल्या हिशेबाने कोरी नवी. त्याने चावी फिरवली, तशी गाडीच्या स्पीकरमधून एक बाई मंजुळ जपानीत काहीतरी बोलली. रिघाने टोपी काढली आणि तिला म्हणाला, "बरं आहे, बरं आहे, तुम्ही कशा आहात?" मग माझ्याकडे वळून, थोयाला स्वच्छ ऐकू जाईल असं, "अगं, हिच्यासारखी गाडी या रस्त्यावर दुसरी नाही! हीच घ्यायची!"

मी त्याच्या पायावर पाय दिला.

"साडेबारा लाख," थोया तत्काळ म्हणाला.

"दहा," मी म्हणाले.

"दहा? बाई, दहात तर ती बोलणारी बाईसुद्धा यायची नाही."

"तिला काढून घे. घरात बोलणारा एक आहे तेवढा पुरे."

"बारा. तुम्ही आहात म्हणून. दुसरा कोणी असता तर पन्नास हजार कमी करताना मला ताप आला असता."

"साडेदहा. आणि ताप आला तर पिशवीत गोळी आहे."

असं करत करत, मध्ये दोनदा तो मालकाला विचारायला आत जाऊन आला, म्हणजे आत जाऊन पाणी पिऊन आला, मला काचेतून दिसत होतं, आम्ही अकरा लाख तीस हजारांवर आलो. साडेसहा लाख आमच्याकडे होते, माझी शिल्लक आणि रिघाचे बंदराचे मिळून. उरले ते चार लाख ऐंशी. तिथवर मी मजेत होते. मी गालातल्या गालात हसत होते. बाजारात कोबीसाठी जे करते तेच, फक्त शून्यं जास्त. आणि मग त्याने कागद पसरला आणि बोटं वाजवली.

पुस्तकातला तो माणूस मला आठवायला लागला. सरळव्याजाच्या धड्यातला. त्याला नाव वेगवेगळं असायचं, आवृत्तीप्रमाणे, पण माणूस तोच. तो चार हजार शिलिंग कर्ज घ्यायचा, तीन वर्षांसाठी, आणि मग तीन वर्षं त्याचं काय व्हायचं कोणी सांगत नसे. तो शेत करायचा की दुकान घालायचा, त्याला ताप यायचा की मुलगी व्हायची, काही नाही. आणि तीन वर्षांनी एका सकाळी तो अचानक उगवायचा आणि सगळं मुद्दल सगळ्या व्याजासकट एकदम टेबलावर ठेवायचा. मी त्या माणसावर चौतीस वर्षं विश्वास ठेवला. एकदा दामा नावाची मुलगी, बारीक, कायम नाक ओढणारी, हात वर करून म्हणाली होती, बाई, पण त्याने मधेच थोडे परत केले तर? आणि मी, त्या दिवशी तपासणी अधिकारी यायचे होते आणि फळा अर्धा राहिला होता, मी म्हणाले होते, अभ्यासक्रमात नाही, खाली बस. ती बसली. तिचं ते बसणं मला आत्ता दिसलं. गुडघे आधी, मग पाठ, मग डोळे. मधेच थोडे परत केले तर. अगं दामा, माझे आई! मी तर दर महिन्याला परत करणार होते. पहिल्याच महिन्यात वीस हजार. दुसऱ्यात वीस. शेवटच्या महिन्यात माझ्याकडे या लोकांचे फक्त वीस हजार उरणार, आणि हा पोरगा मला तेव्हाही चार लाख ऐंशी हजारांचं व्याज लावत होता. पायरी सापडली. तिथेच होती, फक्त मी तिच्यावरून इतकी वर्षं उडी मारत होते.

आता राग यायला हवा होता. आला नाही, म्हणजे थोड्याशा कळेसारखा आला आणि दुसऱ्याच कोणाकडे वळला, हातात खडू घेतलेल्या एका बाईकडे. थोयाकडे मी पाहिलं. तो आनंदात होता. बेरीज जमलेल्या मुलाच्या तोंडावर येते ती चमक होती त्याच्या तोंडावर. याला माहीत आहे का? माहीत असून करतोय का? मराहाबा म्हटलेल्या माणसाला हे विचारता येत नाही. मग मला एकच गोष्ट येत होती ती मी केली.

"थोया, त्या खुर्च्या कोणाच्या?"

कार्यालयाच्या सावलीत पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्च्यांची चळत होती. "शेठच्या भाचीचं लग्न आहे उद्या. भाड्याने आणल्यात."

"चोवीस मोजून आण इथे."

"बाई?"

"आण म्हटलं ना."

त्याच्या वयाचा, त्याच्या शर्टाचा काही उपयोग झाला नाही; तो गेला आणि आणायला लागला. माझ्या आवाजात काहीतरी असतं, ते मलाही थांबवता येत नाही. रिघाही धावला. दोघांनी गाड्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत ओळीने चोवीस खुर्च्या मांडल्या. पलीकडे गाडी धुणारे दोघेजण पाण्याचा पाइप तसाच वाहता ठेवून बघत राहिले.

"मी तुझ्याकडून चोवीस खुर्च्या भाड्याने घेतल्या," मी म्हणाले. "एका खुर्चीचं भाडं महिन्याला तीनशे. पहिल्या महिन्याचं किती?"

"सात हजार दोनशे," थोया म्हणाला, आणि थबकला, कारण तोच आकडा कागदावर होता.

"बरोबर. महिना झाला. मी एक खुर्ची परत केली. अहो, एक उचला." रिघाने एक खुर्ची उचलून चळतीवर ठेवली. "आता माझ्याकडे किती?"

"तेवीस."

"भाडं कितीचं देऊ?"

त्याचे ओठ नुसते हलले.

"थोया, मोठ्याने. मागच्या बाकापर्यंत ऐकू आलं पाहिजे."

"तेविसाचं, बाई."

"पुढचा महिना. उचला." रिघाला आता भलता उत्साह चढला होता, तो न सांगताच खुर्च्या नेत होता, आणि थोया मोजत होता, बावीस, एकवीस, वीस, आवाज हळू होत चाललेला, मग पुन्हा मोठा झाला, पण वेगळाच झाला. शेवटी एकच खुर्ची उन्हात राहिली. रिघा दमून तिच्यावर बसला.

"चोविसावा महिना," मी म्हणाले. "तुझी एकच खुर्ची माझ्याकडे आहे, आणि तिच्यावर माझाच नवरा बसलाय. तुझ्या कागदाप्रमाणे मी भाडं कितीचं द्यायचं?"

"चोविसाचं," थोया म्हणाला. पाइपजवळचे दोघे खो खो हसले. तो हसला नाही. त्याने कागद उलटा केला आणि लिहू लागला. चोवीस अधिक तेवीस अधिक बावीस. मी सांगितलं, तसं नको, पहिलं नि शेवटचं मिळव, जोड्या लाव. पंचवीसच्या बारा जोड्या. तीनशे. तीनशे गुणिले भाडं तीनशे. "नव्वद हजार," तो म्हणाला. "एक लाख बहात्तर हजार आठशे नाही. नव्वद." आणि मग त्याने फोन काढला, आणि मला वाटलं मालकाला लावतोय, पण तो आकडे दाबत होता, एकदा, दोनदा, आणि दुसऱ्यांदाही तेच आल्यावर त्याने फोन शर्टावर पुसला, जणू चूक काचेवर होती.

"बाई, मी भावाला टुकटुक रिक्षा घेऊन दिली. इथूनच. दोन लाख, दीड टक्का, चोवीस महिने. शेठने माझ्याकडूनच हिशेब करवून घेतला. म्हणाले, बघ, तूच कर, तुझं गणित चांगलं आहे." तो थांबला. "साडेचौतीस हजार जास्त. मीच केला हिशेब. असा वाजवून वाजवून केला."

त्याला माहीत नव्हतं. माझ्या छातीवरचं काहीतरी उतरलं आणि त्याच क्षणी दुसरं काहीतरी चढलं, कारण त्याने ज्याच्यावर भरवसा ठेवला तो शेठ नव्हता, तो ताल होता. मला त्याच्या डोक्यावर हात ठेवावासा वाटला. तो फार उंच झाला होता. "तुझी चूक नाही," मी म्हणाले, "धडा अर्धाच शिकवला होता. उरलेला आज झाला. जरा उशीर झाला." तेव्हा तो हसला. आधी नाकातून, मग सगळाच, पोट धरून, आणि मीही, आणि रिघाला काय झालं ते नीटसं न कळताही तो आमच्याहून मोठ्याने.

या हसण्याने अवधशेठ बाहेर आले. गोल, पांढरी टोपी, हातात जपमाळ. त्यांनी खुर्च्या पाहिल्या, कागद पाहिला, थोयाकडे पाहिलं, आणि माणूस हुशार होता, त्यांना एकही प्रश्न विचारावा लागला नाही. इथे हे आधीपासून माहीत असलेला माणूस कोण, ते मला तेव्हा कळलं.

"म्हणजे बाई शिक्षिका आहेत."

"सातवीला," मी म्हणाले. अजून माझं हसू उतरायचं होतं, आणि त्या भरात, खरंच धमकी म्हणून नाही, नुसतं तोंडून निसटून गेल्यासारखं मी म्हणाले, "आणि मजा बघा शेठ, सोमवारी सरळव्याजच आहे! चव्वेचाळीस मुलं आहेत. सगळ्यांना खुर्च्या उचलायला लावते."

शेठच्या बोटांतली माळ थांबली. चव्वेचाळीस मुलांना चव्वेचाळीस बाप असतात आणि त्यातले बरेचसे टुकटुक घेतात, हे गणित त्यांनी माझ्याआधी केलं. ते एका खुर्चीवर बसले, मला दुसरी दिली. मऊ आवाजात म्हणाले, "बाई, तुमच्यासारख्यांशी मी भांडत नाही. नव्वद तर नव्वद. राहिलेल्या रकमेवरच व्याज. महिना किती होतात रे, थोया?"

"तेवीस हजार सातशे पन्नास."

पंचवीसच्या आत. साडेबाराशे शिल्लक टाकून आत.

"फक्त हे खुर्च्यांचं," शेठ म्हणाले, "इथल्या इथे राहू द्या. पुस्तकात आहे तेवढं शिकवा. सरकारने छापलंय, चांगलंच असेल. मुलं लहान आहेत, उगाच गोंधळतात."

"आणि मी शिकवलं तर?"

"तर मग थोयाच्या कागदाची पहिली बाजू आहेच."

मी गाडीकडे पाहिलं. रिघा तिच्यात जाऊन बसला होता, चालकाच्या जागी, दोन्ही हात चाकावर, इंजिन बंद. ऐंशी हजारांहून जास्त शिलिंग. कशासाठी, तर काहीही न करण्यासाठी. चौतीस वर्षं मी तेच काहीही न करणं फुकट केलं होतं, आणि आता कोणी त्याचे पैसे देत होतं. आणि खरंच, काय बिघडणार होतं? निवृत्त झाल्यावर शिकवता आलं असतं. हप्ते संपल्यावर. चोवीस महिन्यांनी, आतल्या गावांतल्या, झाडाखालच्या मुलांना, याच गाडीतून जाऊन. पण या चव्वेचाळीस? ती तोवर नववीत गेली असती. मी त्यांच्यापुढे सोमवारी उभी राहणार, ती बाकं वाजवणार, टक, टक-टक, आणि कोणीतरी बारीक, नाक ओढणारं, हात वर करणार. मला दामाचे डोळे खाली बसताना पुन्हा दिसले. पहिल्या वेळी मला माहीत नव्हतं. या वेळी माहीत असून खाली बस म्हणायचं होतं, आणि तेही पगार घेऊन. गंमत म्हणजे ठरवायला काही वेळच लागला नाही. उलट मला एकदम हलकं वाटलं, उपाशीपोटी वाटतं तसं.

"शेठ," मी उठले, "कॉफी फार छान होती. खुर्च्या सोमवारी उचलणार आम्ही. तुमच्या नाही, आमच्या शाळेच्या."

"मग गाडी?"

मी रिघाला हाक मारली. तो खिडकीतून म्हणाला, "झालं का? सही झाली?" आणि माझा चेहरा बघून चाकावरचे हात एकेक करून काढून घेतले. त्याचं ते हात काढून घेणं मला सोसवलं नाही. आणि मला वाटतं त्यामुळेच, ठरवून नाही, विचार करून तर नाहीच, मी मागे वळून विचारलं, "शेठ, सगळे रोख दिले तर?"

माळ पुन्हा फिरायला लागली. "रोख? रोखीचं वेगळं, बाई. रोखीला मी मान देतो. अकरा लाख. पंधरा दिवस थांबतो. आणि मग तुम्ही काय शिकवता ते तुमचं तुमच्यापाशी."

"लिहून द्या."

"माझ्या शब्दावर..."

"शेठ, लिहून द्या," थोया मध्येच म्हणाला. "आणि माझ्या टुकटुकचं सोमवारी बोलू. आज बाई आहेत म्हणून मी गप्प आहे."

पंधरा दिवस, साडेचार लाख, एकच दार, पतपेढीचं. फाटकाबाहेर बदामाच्या झाडाखाली उभं राहून मी फोन हातात घेतला आणि पाच मिनिटं नुसता धरून ठेवला. आमच्या मुख्याध्यापिका म्वानाइदी. त्यांच्या हाताखाली नऊ वर्षं काढली, खडूच्या डबीशिवाय काही मागितलं नाही. पन्नास मुलांपुढे न अडखळणारी मी, तीन शब्दांसाठी घसा साफ करत होते. रिघाने आमच्या मुलीच्या नावाने हाक मारली, "वाकेशोची आई, देऊ का मी नंबर लावून?" मी म्हणाले, नको. आणि लावला.

"म्वानाइदीबाई, पतपेढीच्या फॉर्मवर... माझ्यासाठी सही कराल का? जामीन म्हणून."

मला तो हिरवा सोफा दिसला, चहातली जास्तीची साखर दिसली. मग त्या फोनपासून तोंड बाजूला करून घरात कोणाला तरी ओरडून म्हणाल्या, "अरे, हिने मागितलं! शेवटी हिने काहीतरी मागितलं!" आणि परत फोनवर येऊन, "किती? गाडी का? रंग कोणता? मला आधी बसवायचं, सांगून ठेवते. आणि खबरदार दुसऱ्या कोणाला पहिल्या ओळीवर सही करू दिलीस तर!"

त्यांच्या पोटात काही राहत नाही. सोमवारी मी स्टाफरूममध्ये पोचले तेव्हा फॉर्म टेबलावर आला होता आणि त्याच्याभोवती सात माणसं उभी होती. जामिनांसाठी त्यावर चारच ओळी छापलेल्या असतात. विज्ञानाचे सर म्हणत होते, तुम्ही माझ्या शस्त्रक्रियेला जामीन होतात, मला जागा पाहिजे. खेळाच्या बाई म्हणत होत्या, चौथी ओळ माझी, पेन माझं आहे. जिला मी मागच्या वर्षीच सामावून घेतलं होतं ती नवी शिक्षिका टेबलाचा कोपरा धरून उभी होती, रडवेली, कारण तिची शिल्लक फारच थोडी होती आणि तिला कोणी विचारत नव्हतं.

"अहो, चार पुरे आहेत," मी म्हणाले. "पतपेढीला चारच लागतात."

"पतपेढीला लागतात," म्वानाइदी म्हणाल्या. "आम्हाला नाही का लागत?"

पहिला तास सातवीवर होता. घंटा झाली होती. खालून बाकं सरकवल्याचे, खुर्च्या ओढल्याचे आवाज यायला लागले होते, मी काल निरोप पाठवला होता त्याप्रमाणे. मी घाईघाईने पिशवीतून पट्टी आणि पेन्सिल काढली, फॉर्म माझ्याकडे ओढला, आणि चौथ्या ओळीच्या खाली, नीट अंतर सोडून, आणखी तीन रेघा आखल्या.